नागिणीनंतरची आग आणि पाठीत बसवायचं यंत्र

"नागीण बरी होऊन वर्ष झालं, फोड गेले, मग सदरा नुसता टेकला तरी आग का होते?" रत्नागिरीच्या आमच्या दुकानात कमरेचा पट्टा घ्यायला आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच.

लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू कण्याजवळच्या नसांच्या गाठींत दडून राहतो. उतारवयात तो उठला की नागीण. फोड सुकतात, पण दुखावलेली नस चुकीचे निरोप पाठवत राहते. मग पंख्याचा वाराही सोसवत नाही. नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही धास्ती मात्र सोडा. आणि घरात कुणाला नवी नागीण उठली तर कावेचा लेप लावून थांबू नका; डॉक्टरांकडून विषाणू रोखणाऱ्या गोळ्या फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर आधी नसेचं दुखणं शमवणाऱ्या प्रेगाबालिनसारख्या गोळ्या, कातडी बधिर करणारी लिडोकेनची पट्टी. त्यानं भागलं नाही तरच पाठीत बसवायचं यंत्र, म्हणजे स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा सरकवतात, बॅटरी कमरेत कातडीखाली बसते आणि सौम्य वीज वेदनेचा निरोप अडवते. 1967 पासून हा उपचार आहे, पण नागिणीच्या दुखण्यात तो प्रत्येकाला लागू पडत नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

म्हणूनच चाचणी. साधारण आठवडाभर तारा आत, यंत्र बाहेर. रोज वहीत लिहा: रात्री किती वेळा जाग आली, सदरा घालता आला का. दुखणं निम्म्यानं तरी उतरलं, तरच पक्कं यंत्र. ही पायरी गाळायला कुणी सांगितलं तर सरळ उठून या.

यंत्र बसल्यावर पहिले सहा-आठ आठवडे घागर उचलणं, ओणवं होऊन लावणी करणं, कलमावर चढणं बंद, तार सरकते. डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी शरीरात आतवर देतात तो शेक कधीच घ्यायचा नाही, तार तापून नस भाजू शकते. एमआरआयआधी यंत्राचं कार्ड दाखवा. ताप आला, जखमेतून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

चार्जिंगचं यंत्र असेल तर पावसाळ्यात बॅटरी भरलेली ठेवा. 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस वीज नव्हती. बॅटरी संपली तर दुखणं परत येतं.

यंत्र आम्ही विकत नाही. ते मोठ्या रुग्णालयात बसतं. चाचणीची वही आणि चार्जरचा पट्टा कसा बांधायचा, हे आम्ही समोर बसून दाखवतो. येताना चालू गोळ्यांची पाकिटं आणा, रक्त पातळ करणारी तर नक्कीच.