तुलना करणं आणि कान भरणं

अमेरिकेत बास्केटबॉल चांगलं खेळणारी मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षांत पोहोचली की कॉलेजांचे कोच तिला आपल्या संघात ओढायला थेट घरी येऊन बसतात. आईवडिलांशी गप्पा होतात आणि दुसऱ्या कॉलेजांचा विषय निघतोच. तिथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक साधी तुलना. दुसरीला तिकडे ‘निगेटिव्ह रिक्रूटिंग’ म्हणतात. मी तिला सरळ कान भरणं म्हणेन.

तुलना अशी असते : “त्यांच्याकडे तुझ्या जागेवर दोन पॉइंट गार्ड आहेत, दोघींची अजून तीन वर्षं बाकी आहेत. आमच्याकडे तू पहिल्याच वर्षी कोर्टवर दिसशील.” यात स्वार्थ आहेच, पण संघाची यादी उघडून कुणीही ते पडताळू शकतं.

कान भरणारा मात्र पडताळण्याजोगं काही हाती लागू देत नाही. “आमच्याकडे अगदी कौटुंबिक वातावरण आहे,” एवढंच तो म्हणतो आणि ओघात स्वतःच्या बायकोमुलांचा उल्लेख करतो. समोरच्या कॉलेजची कोच अविवाहित असेल तर पुढचं वाक्य आईवडील मनातल्या मनात पुरं करतात : ती समलिंगी असणार, संघातही तसंच वातावरण असणार. लग्नाच्या बोलण्यांत “आम्ही काही बोलत नाही, तुम्हीच चौकशी करा” म्हणतात ना, त्याच जातीचं हे. खोटं बोललात म्हणावं, तर बोललं कोण?

म्हणून यावर साधा उपाय, “म्हणजे नेमकं काय?” असं तिथल्या तिथे विचारणं. तुलना करणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. दुसरा विषय बदलतो.

हे पुरुष कोच विरुद्ध बाई कोच असं भांडण नाही. जीनो ऑरिएमा १९८५ पासून कनेटिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे कोच आहेत आणि त्यांच्या नावावर १२ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. पुरुष कोचकडे जायला मुलगी तयार होते, ती बऱ्याचदा अशा कामगिरीकडे बघून. पण कुजबुजीचा भार बायकांवरच जास्त पडतो, हेही खरं. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा ‘टायटल नाइन’ कायदा झाला तेव्हा कॉलेजांतल्या महिला संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांच्या कोच बायका होत्या. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास आलं. त्याचं मोठं कारण सरळ आहे : महिला खेळात पैसा आला, पगार वाढले, आणि पुरुषही अर्ज करू लागले. कुजबुजीने बायकांची वाट सोपी केली नाही, एवढंच.

बाईनेच दार लावल्याचंही उदाहरण आहे. पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल कोच रेने पोर्टलंड यांनी १९८६ मध्ये एका वृत्तपत्राला उघडच सांगितलं होतं की, आपल्या संघात समलिंगी खेळाडू चालणार नाहीत, हे आपण भरतीच्या वेळी मुलींना आणि त्यांच्या पालकांना सांगतो. २००५ मध्ये एका माजी खेळाडूने भेदभावाचा दावा लावला. विद्यापीठाने चौकशी करून पोर्टलंड यांना १०,००० डॉलर दंड केला, आणि २००७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांचं बोलणं निदान छापून आलं होतं. दिवाणखान्यातल्या “कौटुंबिक वातावरणा”ची नोंद कुठेच राहत नाही.