गिअरचे दाते प्लास्टिकचे, गाभा धातूचा. मग पेटंट कशावर?

१८४१ साली अमेरिकेत तिघांनी मिळून दाराच्या मुठीवर पेटंट घेतलं. मूठ भाजलेल्या मातीची किंवा पोर्सेलिनची, आणि तिच्या पोटात धातूचा दांडा. दांडा निसटू नये म्हणून मुठीच्या आत तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खोबण ठेवायची, तिच्यात वितळलेला धातू ओतायचा. तो थिजला की आतच अडकून बसतो. युक्ती छानच होती, पण लाकडाच्या आणि धातूच्या मुठींना ती आधीपासून वापरली जात होती. नवी होती ती फक्त माती. भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८५१ मध्ये ‘हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड’ या खटल्यात पेटंट रद्द ठरलं. मातीची मूठ स्वस्त असेल, चांगलीही असेल, पण एका पदार्थाच्या जागी दुसरा घालणं हे कुशल कारागिराचं काम आहे, संशोधकाचं नाही, असा तो निकाल. (एका न्यायाधीशाला तो पटला नव्हता. स्वस्त आणि चांगलं असेल तर आणखी काय हवं, असा त्याचा सूर होता. मला त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही.)

धातूच्या गाभ्यावर प्लास्टिकचे दाते ओतून ‘हा माझा शोध’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत ही मूठ आजही आडवी येते.

असा गिअर मुळात हवा कशाला? निव्वळ प्लास्टिकचे गिअर प्रिंटरमध्ये, खेळण्यांत झकास चालतात. आवाज कमी, वजन कमी, तेल नसलं तरी बऱ्याचदा भागतं, आणि दाते कापत बसावं लागत नाही; साचा उघडला की चाक तयार. अडचण येते ती चाकाच्या मध्यावर. जोराचा पीळ आला की शाफ्टभोवतीचं (म्हणजे चाक ज्या दांड्यावर बसतं त्याच्याभोवतीचं) प्लास्टिक दबतं, खाच रुंदावते, आणि चाक शाफ्टवर नुसतंच फिरू लागतं. पोलाद हे नायलॉनपेक्षा साधारण सत्तर पट ताठ असतं, म्हणून मध्यभाग पोलादी करायचा आणि दातांपुरतं नायलॉन ठेवायचं. मोटारीच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमधलं वर्म व्हील (स्क्रूसारख्या दांड्यानं फिरणारं दातेरी चाक) बहुधा असंच असतं. पोलादी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, साच्यात ठेवतात आणि त्याच्याभोवती वितळलेलं प्लास्टिक दाबानं भरतात. कारखान्यात याला इन्सर्ट मोल्डिंग म्हणतात.

आता पेटंट परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहू. त्याचा पहिला प्रश्न असतो, हे जगात आधी कुठे होतं का? इथे उत्तर फार जुनं निघतं. गिरण्यांच्या काळात बिडाच्या चाकाच्या कडेला खाचा ठेवून त्यांत लाकडी दाते ठोकून बसवत. लोखंडी दात लाकडी दाताला भिडला की खडखडाट कमी व्हायचा, आणि मोडला तर एकच दात बदलायचा. पुढे कच्च्या चामड्याच्या चकत्या दाबून, दोन्ही बाजूंना धातूच्या तबकड्या लावून गिअर केले गेले. लिओ बेकलंडला बेकेलाइट या कृत्रिम प्लास्टिकचं पेटंट १९०९ मध्ये मिळालं. त्यानंतर त्याच जातीच्या रेझिनात भिजवलेल्या कापडाचे गिअर आले. १९६० च्या दशकात मोटारींच्या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या चाकावर नायलॉनचे दाते चढवलेले टायमिंग स्प्रॉकेट (झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीचं दातेरी चाक) होते. जुने झाल्यावर त्या दातांचे तुकडे पडून तेलाच्या तळाशी सापडत, ते वेगळं. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गिअरच्या पदार्थांसाठी एफ१६एच ५५/०६ असा स्वतंत्र कप्पा आहे. साच्यात घातलेल्या इन्सर्टवर प्लास्टिक ओतण्याच्या पद्धतीसाठी बी२९सी ४५/१४ असा दुसरा. कप्पे आहेत म्हणजे ते भरलेलेही आहेत. ‘धातूचा गाभा, प्लास्टिकचे दाते’ एवढाच दावा घेऊन गेलात तर पहिल्याच पत्रात तो परत येणार.

तरीही अशा गिअरवर नवी पेटंटं मिळतात, कारण खरी गंमत दोन पदार्थांच्या सांध्यात आहे.

पोलाद एक अंश तापलं तर दर मीटरला सुमारे १२ मायक्रोमीटर वाढतं, साधं नायलॉन सुमारे ८०. हब ४० मिलिमीटर व्यासाचा धरा आणि तापमान १०० अंशांनी बदललं असं समजा. हब अर्ध्या दशांश मिलिमीटरनं बदलेल, त्याच व्यासाचं नायलॉनचं कडं मात्र तीन दशांशांहून थोडं जास्त. फरक पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीन-चार केसांच्या जाडीइतका. ऐकायला किरकोळ, पण ज्या दातांची अचूकता मायक्रोमीटरमध्ये मोजतात त्यांच्या दृष्टीनं हा गोंधळच. शिवाय नायलॉन ६६ साच्यात थिजताना दीड टक्क्याच्या आसपास आकसतं. मोकळं असतं तर आकसलं असतं आणि प्रश्न मिटला असता. इथे मध्ये पोलाद आहे, ते जागचं हलत नाही. कडं हबला करकचून आवळतं आणि स्वतः कायमचं ताणात राहतं. ताण फार झाला तर महिन्यांनी, कधी वर्षांनी, कुणाचा हात न लागता तडा जातो. त्यात नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं. म्हणजे थंडीत आवळणार, गरम झाल्यावर सैल होणार, दमट हवेत आणखी सैल होणार.

तडा जातो कुठे, हेही बघण्यासारखं आहे. प्लास्टिक साच्यात एकाच तोंडातून शिरलं तर हबला वळसा घालून दोन प्रवाह पलीकडे भेटतात. तिथे ते पुरते एकजीव होत नाहीत, एक पुसट रेघ राहते. तिला वेल्ड लाइन म्हणतात, आणि कडं तुटलं तर बहुतेकदा तिथेच. म्हणून जाणकार मंडळी प्लास्टिक मधोमध तबकडीसारखं पसरवून सगळीकडून एकदम बाहेर सोडतात. हब आधी तापवून घेतात. हबच्या कडेवर नर्लिंग करतात, म्हणजे बारीक खरबरीत खाचा उठवतात, आरपार भोकं ठेवतात, म्हणजे प्लास्टिक त्यांत शिरून खुंटीसारखं धरतं. धारदार कोपरे मात्र टाळतात, तडा तिथून सुरू होतो.

हे सगळं पुस्तकांत आहे. म्हणजे परीक्षकाचा दुसरा प्रश्न तयार: ही माहिती हाताशी असलेल्या साध्या जाणकाराला हे सहज सुचलं नसतं का? या प्रश्नावर नवे अर्ज जितके आपटतात तितके पहिल्यावर आपटत नाहीत. २००७ च्या ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ या अमेरिकी निकालानं तर तो अधिकच कडक केला. तिथे मोटारीच्या हलवता येणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला होता. दोन्ही गोष्टी माहीत असलेल्या, जोडण्याची गरज उघड, आणि जोडल्यावर दोन्ही नेहमीचंच काम करतात. पेटंट टिकलं नाही. सामान्य जाणकारालाही सामान्य कल्पकता असते, तो काही यंत्र नव्हे, असं न्यायालयानं बजावलं. नर्लिंग केलेला हब अधिक नायलॉनचं कडं या बेरजेचं भवितव्य यावरून ओळखता येईल.

याच्या उलट उदाहरण १९६६ चं आहे, ॲडम्स यांच्या बॅटरीचं. तिचे घटक माहीत होते, पण ते असे एकत्र आणले तर चालणार नाहीत असं तज्ज्ञांनाच वाटत होतं. बॅटरी चालली, पेटंट टिकलं. गिअरच्या बाबतीत अशी जागा कुठे सापडेल? समजा कुणी दाखवलं की हबवर खोल खाचांऐवजी विशिष्ट उथळ, गोलाकार लाटा ठेवल्या तर पकड तेवढीच राहते आणि कड्यातला ताण मात्र निम्मा होतो; आणि आजवरची पुस्तकं तर ‘खाच जितकी खोल तितकी पकड चांगली’ असंच सांगत आली आहेत. (उदाहरण माझ्या मनचं आहे, कुणी साच्यात उतरवू नये.) मग दाव्यात लाटेची खोली, तिची कड्याच्या जाडीशी सांगड, प्लास्टिकची जात, हे सगळं आकड्यांत येतं. सोबत तुलनेच्या चाचण्या लागतात: जुना गिअर इतक्या फेऱ्यांत तडकला, नवा इतक्यांत. चाचण्यांशिवाय आकडे दिले तर परीक्षक त्यांना नेहमीची फेरफार म्हणणार, आणि त्याचं बरोबरच असेल.

अशा दाव्याची व्याप्ती अरुंद असते. शेजाऱ्यानं लाटेऐवजी दुसरा आकार घेतला की तो मोकळा. शिवाय पेटंट मिळालं म्हणजे गिअर बनवायची मुभा मिळाली असंही नाही, हा गैरसमज फार जणांना असतो. पेटंट फक्त इतरांना अडवण्याचा हक्क देतं. तुमचा गिअर दुसऱ्याच्या एखाद्या रुंद पेटंटात बसत असेल, तर तो तुम्हालाही अडवू शकतो.

आणखी एक जागा जिथे पाय घसरतो: अर्जाआधी नमुना विकणं किंवा प्रदर्शनात मांडणं. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या अशा प्रकटीकरणानंतर एक वर्षाची सवलत आहे. युरोपात जवळजवळ नाहीच; तिथे स्वतःचाच गिअर स्वतःच्या अर्जाविरुद्ध पुरावा ठरतो.

राहिला प्रश्न काय सांगायचं आणि काय झाकायचं याचा. अर्ज साधारण १८ महिन्यांत सगळ्या जगाला वाचायला खुला होतो आणि हक्क अर्जापासून २० वर्षांत संपतो. हबचा आकार झाकून ठेवण्यात अर्थ नसतो, कारण प्रतिस्पर्धी बाजारातून एक गिअर आणतो, करवतीनं मधोमध कापतो आणि पाहतो. तो पेटंटात घातलेला बरा. हब किती अंशांपर्यंत तापवला, दाब किती सेकंद धरून ठेवला, साचा कधी उघडला, हे कापलेल्या चाकावरून सहसा कळत नाही. पुष्कळ कारखाने ते मशीनवरच्या ऑपरेटरच्या वहीतच ठेवतात.