वारकरी कीर्तन आणि नारदीय कीर्तन: सादरीकरणात क्लिप लावण्याआधी

आमच्याकडे बी.ए.ला धर्माचा अभ्यास असलेल्या पेपरात गटाने सादरीकरण करावं लागतं. पाच-सहा जण, पंधरा मिनिटं, पीपीटी, फोटो, आवाज, व्हिडिओ. मराठवाड्यातली मुलं हमखास 'कीर्तन' हा विषय उचलतात, आणि का उचलू नये? नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी हिंगोली जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड परभणी जिल्ह्यात, एकनाथांचं पैठण गोदावरीच्या काठी. गावोगावचे सप्ताह बघतच ही मुलं मोठी झालेली असतात. तरीही गेल्या वर्षी एका गटाच्या स्लाइडवर 'वारकरी कीर्तन' लिहिलेलं होतं आणि खालच्या क्लिपमध्ये एकटे बुवा हातात झांज घेऊन, पेटी-तबल्याच्या साथीवर ध्रुवाचं आख्यान रंगवत होते. क्लिप सुरेख होती, पण ते नारदीय कीर्तन होतं. वर्गात कुणाला ते खटकलंही नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

पहिला फरक डोळ्यांना दिसतो. वारकरी कीर्तनात महाराजांच्या मागे टाळकऱ्यांची रांग उभी असते, बाजूला विणेकरी, आणि पखवाज. आपल्याकडे त्यालाच मृदंग म्हणतात. टाळकरी नुसते साथीदार नसतात. ते चरण उचलतात, चाल लावतात, पावली खेळतात, आणि महाराज थांबले की कीर्तन त्यांच्याकडे जातं. नारदीय कीर्तनात, म्हणजे हरिदासी पद्धतीत, बुवा किंवा कीर्तनकार बाई एकट्या उभ्या असतात आणि पेटी-तबलावाले बसलेले असतात. गाणं, बोलणं, अभिनय, सगळा भार एकाच माणसावर. पण नुसत्या पेटीवरून निवाडा करू नका. आता बऱ्याच सप्ताहांत वारकरी कीर्तनालाही पेटी असते. फेटा आणि उपरणं तर दोन्हीकडे सापडेल.

खरा फरक कथेच्या जागेत आहे, आणि तो कळायला दोन्ही कीर्तनं अखेरपर्यंत ऐकावी लागतात. वारकरी कीर्तनाला संताचा एक अभंग घेतात आणि दीड-दोन तास तोच उलगडतात. एक चरण, एखादा शब्द, त्याला ज्ञानेश्वरीतल्या ओवीचा आधार, दुसऱ्या संताचं प्रमाण, मध्येच दृष्टांत, आणि पुन्हा त्याच चरणावर. प्रल्हादाची गोष्ट आली तरी ती पाच मिनिटांत आपलं काम करून जाते, कारण ती चरणाचा अर्थ उघडण्यापुरतीच आलेली असते. याला मोठा अपवाद काल्याच्या कीर्तनाचा. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कृष्णाच्या बाळलीलाच सांगतात आणि दहीहंडी फुटते. ती क्लिप दाखवणार असाल तर 'काल्याचं कीर्तन' असं स्पष्ट लिहा. एरवीचं कीर्तन तसं नसतं.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात नमन, एखादं पद किंवा अभंग आणि त्यावरचं तात्त्विक निरूपण. मग मध्यंतर: बुक्का लावतात, बुवांना हार घालतात, भजन होतं. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. पूर्वरंगात जो विचार मांडला तो इथे एका पूर्ण कथेतून उभा राहतो. तोच प्रल्हाद इथे तासभर तुमच्यासमोर असतो. हिरण्यकशिपूचा दरारा बुवांच्या आवाजात येतो, कयाधूचं काळीज त्यांच्या चेहऱ्यावर. कथा पुढे नेताना आर्या, साकी, दिंडी, कटाव अशी वृत्तं आणि रागदारीतली पदं येतात. तंजावरच्या मराठ्यांच्या काळात ही पद्धत दक्षिणेत गेली आणि तिथल्या हरिकथेवर तिची छाप पडली. पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या काळात उत्तररंगात इतिहासातले वीर आले, त्याला राष्ट्रीय कीर्तन म्हणतात.

घोटाळा होतो त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. संतांचे अभंग दोन्हीकडे गातात, दोन्हीकडे विठ्ठलाचं नाव असतं. वारकरी कीर्तनाची परंपरा नामदेवांपासून सांगतात. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि तिथे शिकलेले कीर्तनकार गावोगाव पोचले. नारदीय परंपरा आपलं मूळ नारदमुनींकडे नेते, म्हणून कीर्तनकार जिथे उभा राहतो त्या जागेला नारदांची गादी म्हणतात. कुठली श्रेष्ठ, हा प्रश्न स्लाइडवर आणूच नका. एकीत सगळी सभा गाते, दुसरीत सभा एका माणसाकडे डोळे लावून बसते. भक्ती पोचवण्याच्या या दोन वाटा आहेत, आणि वर्गाला त्या वेगवेगळ्या दिसायला हव्यात.

म्हणून सादरीकरणात दोन्हींची एकच कथा घ्या. आधी पडदा काळा ठेवून तीस-चाळीस सेकंद फक्त आवाज ऐकवा: एकदा टाळ-मृदंग, एकदा पेटी-तबला. मग चित्र दाखवा, मग बोला. व्याख्येची स्लाइड सगळ्यात शेवटी आली तरी चालेल, ती कुणी लक्षात ठेवत नाही. गटात जो गावाकडे पखवाज वाजवतो त्यालाच पखवाजावर बोलू द्या, भले त्याने पीपीटीला हात लावलेला नसो. आयत्या क्लिपा उतरवण्यापेक्षा जवळच्या सप्ताहात रात्री जा. आधी महाराजांना आणि सप्ताहाच्या मंडळींना विचारा; बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात आणि पुढे बसायला जागाही देतात. मोबाईल भोंग्याजवळ ठेवू नका, आवाज फाटतो. पखवाजाच्या बाजूला, चार-पाच हातांवर ठेवा. श्रोत्यांमधल्या बायका-मुलांचे चेहरे जवळून टिपू नका. प्रत्येक क्लिपखाली गाव, तिथी, कीर्तनकाराचं नाव आणि 'वारकरी' की 'नारदीय' हे लिहा.

गेल्या वर्षीच्या त्या गटाने पुन्हा सादरीकरण केलं. त्यातल्या एकीचे आजोबा चाळीस वर्षं टाळकरी आहेत, हे तोवर गटातल्या कुणाला माहीत नव्हतं. तिने त्यांना विचारलं, 'आजोबा, महाराज बोलतात तेव्हा तुम्ही काय करता?' आजोबांचं उत्तर त्यांच्याच आवाजात वर्गाने ऐकलं: 'ध्यान ठेवतो बाई. कोणतं चरण कधी उचलायचं, ते महाराज सांगत नाहीत.'