जन्मजात वक्रग्रीवा

मानेच्या एका बाजूचा स्नायू आखूड व ताठर असल्यामुळे तान्ह्या बाळाचे डोके त्या बाजूला कलते आणि हनुवटी विरुद्ध बाजूला वळते, या अवस्थेला जन्मजात वक्रग्रीवा किंवा टॉर्टिकोलिस म्हणतात. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड नावाचा हा स्नायू छातीच्या मधल्या हाडापासून व गळ्याजवळच्या आडव्या हाडापासून निघून कानामागच्या हाडापर्यंत तिरका जातो. त्यामुळे उजवा स्नायू आखडला की डोके उजव्या खांद्याकडे झुकते आणि चेहरा डावीकडे वळतो.

स्नायू का आखडतो, याचे एकच ठाम कारण ठरलेले नाही. गर्भाशयात जागा अपुरी पडणे, बाळ पायाळू असणे, आईचे पहिलेच बाळंतपण असणे आणि अवघड प्रसूती यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. मात्र शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळांतही तो दिसत असल्याने सगळा दोष प्रसूतीवर ढकलता येत नाही. काही बाळांच्या मानेत जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांनी सुपारीसारखी टणक गाठ हाताला लागते. ती कर्करोगाची नसते, सोनोग्राफीने ओळखता येते आणि काही महिन्यांत आपोआप विरते. तेल लावताना ती रगडून जिरवू नये. गाठ गेली तरी स्नायू आखूड राहू शकतो, हे अनेकदा दुर्लक्षिले जाते.

बाळ एकाच बाजूने नीट दूध पिते, एकाच कुशीकडे तोंड करून झोपते, हे आईच्या बहुधा आधी लक्षात येते. डोके सतत एकाच भागावर टेकल्याने तो भाग चपटा होतो. डोके गोल व्हावे म्हणून आपल्याकडे मोहरीची उशी देतात. तिने आखडलेला स्नायू सैल होत नाही, शिवाय वर्षाच्या आतील बाळाला झोपताना उशी देणे सुरक्षित नाही.

उपचारांत वेळेला फार महत्त्व आहे. ‘मान धरली की सरळ होईल’ या भरवशावर घरोघरी थांबले जाते आणि नेमके पहिले तीन महिने, ज्यांत व्यायामाचा गुण सर्वाधिक येतो, हातचे जातात. फिजिओथेरपिस्ट पालकांना मान हळुवार ताणण्याची पद्धत शिकवतात: उजवा स्नायू आखडलेला असल्यास डोके डावीकडे झुकवणे आणि हनुवटी उजवीकडे वळवणे. बाळ प्रतिकार करत असताना जोर लावायचा नसतो. जोडीला, बाळ जागे असताना त्याला पालथे ठेवतात आणि ज्या बाजूला ते वळत नाही तिकडून खुळखुळा वाजवतात. लवकर सुरुवात झाल्यास बहुसंख्य बाळे एवढ्यानेच बरी होतात. वर्षभरानंतरही मान पुरेशी वळत नसेल तर आखूड स्नायू सैल करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

या बाळांत खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष अधिक प्रमाणात आढळतो, म्हणून खुबेही तपासले जातात. मानेच्या मणक्यांची सदोष रचना किंवा डोळ्याच्या स्नायूंची दुर्बलता यांमुळेही मान कलते. अशा वेळी स्नायू ताणण्याचे व्यायाम हा मूळ उपचार ठरत नाही. आधी सरळ असलेली मान अचानक वाकडी झाली, सोबत ताप, उलट्या किंवा सुस्ती असली, तर त्याची कारणे वेगळी असू शकतात आणि तपासणी तातडीने करावी लागते.