तट्टू लहान, म्हणून धोकाही लहान?

निपाणी-चिकोडीकडं जत्रेत पोराला तट्टावर बसवताना हमखास कानावर येतं, "एवढंसं तर जनावर, काय होतंय? लगाम घट्ट धर म्हणजे झालं."

दोन्ही चूक. तट्टू खांद्यापाशी 148 सेंटिमीटरपर्यंत भरू शकतं. वर बसलेल्या पोराचं डोकं सहज सहा फुटांवर जातं. घोडेस्वारीचं हेल्मेट हवंच, पट्टा आवळून.

तोल लगामानं नाही, बैठकीनं सांभाळायचा. लगाम ओढून धरला की तोंडातलं कडियाळं टोचतं आणि शांत जनावरही बिथरतं. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा, टाच खाली. चपला नकोतच, पाय अडकला की फरफट. पोराला खोगिराला बांधणारे महाभागही भेटतात! तट्टू पडलं, तर पोर सुटणार कसं?