पारधीची परंपरा आणि तिचा ऱ्हास (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी, लोंढा, नागरगाळी हा सह्याद्रीचा पट्टा आणि त्याला लागून असलेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा, हल्याळचा मुलूख येथील मराठी भाषक गावांत पूर्वी पारध, म्हणजे सामुदायिक शिकार, होत असे. तरुण पिढीने ती जवळजवळ सोडून दिली आहे.

रानडुक्कर, भेकर, सांबर, ससा ही मुख्य सावजे. सुगी आटोपल्यावर ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून माणसे रानात शिरत. हाकारे आणि कुत्री एका अंगाने रान उठवीत, तर ठासणीच्या बंदुका घेतलेले नेमबाज सावजाच्या वाटांवर दबा धरून बसत. त्या वाटा ठाऊक असणे हेच या विद्येचे मर्म होते. ओढ्याकाठच्या चिखलातला खूर आजचा की कालचा, डुकराने उकरलेली माती ओली आहे की सुकली, वारा कोणत्या अंगाचा आहे, हे पोरे हाकाऱ्यांत जाऊन, थोरांच्या मागे चालत शिकत. मांसाचे वाटे पडत तेव्हा बार टाकणाऱ्याला जादा वाटा मिळे, आणि कुत्र्यांच्या धन्यालाही विसरत नसत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची सोयही संपली. 2011 मध्ये सुमारे 190 चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य घोषित झाले. अभयारण्यातील शिकारीस 3 ते 7 वर्षांची कैद आहे. पीकसंरक्षणासाठी मिळालेल्या बंदुका निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, शिवाय बापाचा परवाना मुलाकडे आपोआप येत नाही, त्यामुळे म्हाताऱ्याबरोबर घरातली बंदूकही जाते. तरीही केवळ कायद्याने पारध मोडली असे म्हणणे अपुरे ठरेल. तिला एकाच दिवशी मोकळी असलेली बरीच माणसे लागत, आणि गोव्यातील रोजगार, बेळगावच्या उद्यमबागेतील कारखाने, पुण्याची नोकरी व सैन्यभरती यांनी नेमकी तीच माणसे गावाबाहेर नेली. हाकाऱ्यांत जाणारा पोरगा उरला नाही, तसा शिकवणाऱ्यालाही शिष्य उरला नाही.

शिकार थांबली ही वन्यजीवांच्या दृष्टीने इष्टच गोष्ट आहे. मात्र भात, ऊस आणि रताळ्यांच्या शेतांवर डुकरे व गवे उतरतात, तेव्हा शेतकऱ्याजवळ माळ्यावरची रात्रभराची राखण, फटाके आणि ऐपत असल्यास सौर कुंपण एवढेच उपाय असतात. काही जण चोरून फास लावतात किंवा कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. डुकरासाठी सोडलेली वीज हत्तीचा किंवा शेजाऱ्याच्या बैलाचाही जीव घेते. सावज न पाहताच मारणाऱ्या या प्रकाराला पारधीचा वारसा म्हणणे सर्वथा चुकीचे आहे. खरा वारसा होता तो माग ओळखण्याचा, आणि त्याची गरज अजून सरलेली नाही: शेजारच्या काळी व्याघ्र प्रकल्पासह देशभर दर 4 वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनकर्मचारी पायवाटांवरून चालत पावलांचे ठसे, विष्ठा आणि झाडांवरचे ओरखडे टिपतात, आणि त्या कामाला माग ओळखणारी तीच नजर लागते.