पार्श्वभूमी: गवंड्याचे मनगट आणि रस्त्याची कड

विदर्भातल्या गावांमधले जुने सिमेंट रस्ते पाहा. मधला भाग बऱ्यापैकी शाबूत दिसतो, कडा मात्र खाल्लेल्या असतात. ट्रॅक्टरचे केजव्हील (चिखलणीचे लोखंडी पिंजऱ्याचे चाक), बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणि बाजूला फुगणारी-आकसणारी काळी माती या तिन्हींचा मारा कडेवर होतो. पण कड कच्ची राहते ती काँक्रीट टाकल्याच्या दिवशीच. या कामात एकामागून एक यंत्रे आली, ती बहुतेक मधल्या भागासाठी. कड मिस्त्रीच्या मनगटावरच राहिली. उभ्याने चालवायची, बॅटरीवर थरथरणारी कडेची हत्यारे अलीकडे मिळू लागली आहेत. त्यांना इतका उशीर का झाला, हे या कामाच्या इतिहासातच आहे.

चुन्याच्या बांधकामात घाई नव्हती. बैलाच्या घाण्यावर मळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होई. ओट्याची कड लाकडी थापीने ठोकत बसायला सवड असे. सिमेंटने ती सवड काढून घेतली. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले, आणि भारतात पोरबंदरच्या कारखान्यात १९१४ मध्ये उत्पादन सुरू झाले. आपल्याकडच्या खेड्यांत मात्र ते फार नंतर मुबलक झाले, कारण बराच काळ सिमेंटची गोणी परमिटवर मिळे. नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठले. त्याच दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात, आवारपूर-गडचांदूरकडे, मोठे कारखाने उभे राहिले. सांडपाणी वाहणाऱ्या गल्लीत डांबर टिकत नाही, म्हणून गावातले रस्ते सिमेंटचे होत गेले.

कड मारायचे हातहत्यार याहून जुने. १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या बेलफाउंटन गावात काँक्रीटचा रस्ता झाला, त्या पिढीतल्या हत्याराचा घाट आजही तोच आहे: साधारण १५ सेंमी लांब पोलादी पत्रा, त्याची एक बाजू गोलाईत खाली वळवलेली, वर मूठ. गोलाई बहुधा ६ ते १२ मिमी. ती दिसायला बरी म्हणून दिलेली नसते. काटकोनी कडेच्या अगदी टोकाला गिट्टी मावत नाही, तिथे नुसता रेती-सिमेंटचा माल असतो आणि पहिल्याच धक्क्याला तो उडतो. गोलाई ते कमजोर टोक ठेवतच नाही, आणि उरलेला माल दाबून घट्ट करते.

आपल्याकडे मिक्सर आला, ओल्या मालात खुपसून तो थरथरवणारा नीडल व्हायब्रेटर आला, मग ट्रिमिक्स आले. हे नाव स्वीडनच्या ट्रेमिक्स कंपनीवरून पडले. या पद्धतीत व्हायब्रेटरच्या पट्टीने पृष्ठभाग समतल करतात, त्यावर चटई अंथरून पंपाने जादा पाणी ओढतात आणि शेवटी फ्लोटर, म्हणजे पृष्ठभाग घोटणारे फिरत्या तबकडीचे यंत्र, फिरवतात. खरी गोम इथेच आहे. वरची चादर हवाबंद बसावी म्हणून आतली गाळणीची चटई चॅनलपासून, म्हणजे माल अडवायला कडेला उभ्या केलेल्या लोखंडी पट्टीपासून, साधारण १० सेंमी आत ठेवावी लागते. म्हणजे मधले पाणी निघते आणि ज्या पट्टीला सर्वांत जास्त मार बसायचा आहे तिथलेच पाणी उरते. फ्लोटरची गोल तबकडीही चॅनलला धडकू नये म्हणून आतूनच फिरते. कड स्वतः घडवणारे यंत्र १९४९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात निघाले, तो स्लिपफॉर्म पेव्हर. पण ते महामार्गाचे यंत्र. तीन मीटरच्या गल्लीत त्याचा उपयोग नाही.

मग उरतो उकिडवा बसून मागे मागे सरकणारा मिस्त्री. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे गुडघ्याची आणि बोटांची कातडी भाजते. कंपनाचे दुखणे वेगळे. इंडियानातल्या दगडखाणींत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे धरणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी पडतात, हे डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये दाखवून दिले. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने हाताला बसणाऱ्या कंपनाला आठ तासांच्या कामासाठी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा घातली आणि २.५ पासूनच उपाय सुरू करायला सांगितले. मूठ आणि थरथरणारे डोके यांच्यामध्ये रबराचे बुश (थरथर शोषणारे तुकडे) घालण्यावर भर आला तो अशा नियमांमुळे.

विजेचे हातड्रिल १८९५ पासून आहे, तरी कडेला मोटार लागली नाही. पेट्रोल इंजिनाच्या वजनाने ओली कड दबते, आणि ओल्या काँक्रीटवरून वायर ओढणे जिवावरचे. त्यात गावची वीज बेभरवशाची. १९६१ मध्ये आलेली बिनवायरची हत्यारे निकेल-कॅडमियम बॅटरीवर होती, जड आणि लवकर उतरणारी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि २००५ च्या सुमारास हत्यारांत शिरली. त्यानंतरच लांब दांडा, खाली पोलादी पट्टी आणि छोटी थरथरणारी मोटार हा मेळ जमला.

हत्यार नवे असले तरी काँक्रीटचे वेळापत्रक तेच आहे. फंटीने समतल करून आणि रंध्याने घोटून झाले की चॅनलला लागून थापी इंचभर खोल फिरवून माल सुटा करावा. पहिला हात तेव्हाच, मोटार बंद ठेवून: कडेवरची गिट्टी खाली बसवणे एवढेच काम. मग वर आलेले पाणी जाईपर्यंत थांबायचे. ते पाणी असतानाच पट्टी थरथरवली तर सिमेंटचे दूध कडेला गोळा होते, गिट्टी खाली जाते, आणि वाळल्यावर पापुद्रा निघतो. पाणी गेले की दुसरा हात, मोटार चालू करून: पट्टीची पुढची धार किंचित उचलून, कमी वेगावर, एका जागी न थांबता पुढे न्यावी. उशीर झाला तर माल फाटतो. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ही मधली वेळ फार थोडी असते, म्हणून पहाटे काम धरणे हाच खरा उपाय. कोरड्या कडेवर पाणी शिंपडून हात मारणे हे सर्वांत वाईट, तरी सर्रास चालते. चॅनलच्या खुंट्या ढिल्या असतील तर कंपनाने चॅनल सरकतो आणि कड नागमोडी होते. चॅनल काढल्यावर उभी बाजू उघडी पडते, तिलाही ओले गोणपाट लावावे, आणि पाणी मारून झाल्यावर बाजूपट्टीत मुरूम दाबून भरावा.

बॅटरी सावलीत ठेवावी आणि तापलेली असताना चार्जिंगला लावू नये. काम संपताच हत्याराचे डोके धुवावे, नाहीतर बुशाच्या सांध्यात सिमेंट घट्ट बसते आणि सगळी थरथर दांड्यातून हातात येते. भाड्याने घेताना पहिल्यांदा तेच रबर बोटाने दाबून पाहावे. नालीच्या चेंबरभोवती आणि आतल्या कोपऱ्यात लांब दांडा वळत नाही. तिथे हातहत्यारच लागते, आणि गुडघ्याखाली फळी व हातात रबरी मोजे.